नायनांसमोर खेळलेले गेम

नायनांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट हॉलमध्ये, खिडकीकडे तोंड करून टाकली. खिडकीतून गल्ली दिसते, समोरच्यांचा जिना दिसतो, येणारी-जाणारी माणसं दिसतात. आठवडाभरानं मी शाळेतून आले तर खाट फिरवलेली होती. पाय टीव्हीकडे, मानेखाली दोन उशा.

“डोळ्यावर ऊन येत होतं त्यांच्या,” अण्णा म्हणाला.

आमची खिडकी उत्तरेला आहे. तिच्यातून ऊन कधीच येत नाही.

नायना म्हणजे आमचे वडील. आम्ही विणकामातली माणसं, कितीतरी पिढ्या सोलापुरात गेल्या तरी घरात तेलुगूच बोलतो. पण मी शाळेत मराठी शिकवते आणि लिहिते मराठीत, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथं मराठीतच उतरवते आहे. अण्णा माझा थोरला भाऊ. पुण्यात कंपनीत होता, लग्न केलं नव्हतं. कंपनीनं माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, आणि त्याच सुमारास नायना पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अण्णा दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन घरी आला. खोक्यात गेमचं मशीन होतं.

पुण्यात असताना तो गेम विकत घ्यायचा. सेल लागला की घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. मी एकदा त्याच्या खोलीवर राहायला गेले होते तेव्हा त्यानं मला पडद्यावर दाखवले होते. चित्रांमागून चित्रं, खाली खाली सरकत राहिली तरी संपेनात. किल्ले, वाळवंटं, तलवारी घेतलेल्या बायका. “यातला खेळलास कुठला?” मी विचारलं. “एकही नाही,” तो म्हणाला. “उघडायला गेलो की हात गार पडतो.” मी हसले होते. तो हसला नव्हता.

हात का गार पडतो ते मला माहीत होतं. मी तिथं होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत नायनांचा टॉवेलचा कारखाना होता. फार मोठा नव्हे, पण स्वतःचा. अण्णा सातवीत असताना मामानं त्याला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता, आणि त्यात घालायची एक पिवळी कॅसेट. सहामाहीत अण्णा गणितात नापास झाला. दुसऱ्या दिवशी नायना त्याला तो गेम घेऊन कारखान्यावर घेऊन गेले. जेवणाचा डबा द्यायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. त्यांनी सगळे माग बंद करायला लावले. माग चालू असताना तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ते एकदम थांबले आणि सगळे कामगार आमच्याकडे बघायला लागले.

“गेममध्ये पास, गणितात नापास,” नायना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग सूत रंगवायच्या टाकीकडे बोट केलं. “टाक.”

अण्णानं टाकला.

“आता काढ.”

अण्णानं कोपरापर्यंत हात घालून काढला. कॅसेटही चाचपून काढली.

“परत टाक.”

किती वेळा ते मी मोजलं नाही. कामगारांतला एकजण आधी हसला, मग बाकीचे. नायनाही हसले, त्यांचा जीव हलका झाल्यासारखा दिसत होता. पुढे कितीतरी दिवस अण्णा निळा हात घेऊन शाळेत जात होता, आणि वर्गात त्याला काय म्हणत असतील ते सांगायला नको.

अम्माला नायनांनी कधी मारलं नाही. ते तिच्याशी बोलणं बंद करायचे. महिना, दोन महिने. ताटावर बसून आम्हाला सांगायचे, “हिला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय.” अम्मा हातभर अंतरावर बसलेली असायची. आम्ही सांगायचो, “अम्मा, आमटीत मीठ जास्त झालंय.” ती म्हणायची, “त्यांना सांग, उद्या कमी घालते.” बोलणं पुन्हा कधी सुरू होईल ते फक्त त्यांना माहीत असायचं.

तर खाट फिरवल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णानं मशीन हॉलमधल्या टीव्हीला जोडलं आणि खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला. झटका येण्याआधी नायना घरी असले की त्यावर तेलुगू बातम्या लावायचे. त्यांनी डाव्या हातानं टीव्हीकडे दाखवून “उं, उं” केलं.

“थांबा, नायना,” अण्णा शांतपणे म्हणाला. “आता मी खेळतोय. तुम्ही बघा.”

आणि तो एकापाठोपाठ एक ते गेम संपवायला लागला. पहिला कुठल्याशा बर्फाळ राजवाड्यातला होता. हात गार पडत होते की नाही, मला दिसलं नाही. चेहऱ्यावर मजा मात्र नव्हती. रोजची कामं उरकतात तसा तो खेळायचा. जो गेम संपेल त्याचा शेवट झाला, नावं वर सरकायला लागली, की खुर्चीवरून वाकून नायनांच्या कानाशी म्हणायचा, “हा पण संपला. पास.”

सेवेत त्यानं कुठंही काही कमी ठेवलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. अंग पुसायचा, कूस बदलायचा, लापशी गार करून चमच्यानं भरवायचा, घाण काढायचा. नायनांच्या पाठीला एक व्रण झाला नाही. शेजारच्या मावशी रोज येऊन दारात उभ्या राहायच्या. “लई सेवा करतंय की पोरगं,” त्या म्हणायच्या. “आमच्यातला एक तरी हाय का असा?” अण्णा मान खाली घालून हसायचा.

एका दुपारी तो अंघोळीला गेला असताना मी खाट खिडकीकडे वळवायला घेतली. अम्मा स्वयंपाकघरातून आली आणि तिनं खाटेचा पाय धरला.

“राहू दे,” ती म्हणाली.

“अम्मा, त्यांना त्रास होतोय. तुला दिसत नाही का?”

“दिसतंय की. म्हणूनच म्हणते, राहू दे.”

नायना तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे न बघता परत आत गेली. माझ्या एकटीच्यानं खाट हलेना.

मग ट्रकचा गेम आला. त्यात मारामारी नव्हती. ट्रकमध्ये माल भरायचा आणि लांबच्या गावाला पोचवायचा, एवढंच. लांबलचक रस्ता, वायपर, गिअर, वाटेत धाबे. अण्णा कंटाळून चालवत होता आणि एका वळणावर ट्रक खड्ड्यात उलटला. खाटेवरून एक आवाज आला. आधी मला वाटलं, घास अडकला. नायना हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, दुसरी तशीच लोंबत होती.

तरुणपणी ते टॉवेलचे गठ्ठे घेऊन ट्रकमधून हैदराबादला जायचे, ड्रायव्हरशेजारी बसून. ती त्यांच्या आयुष्यातली चांगली वर्षं असावीत, कारण त्या वर्षांबद्दल ते न रागावता बोलायचे. आता पडद्यावर वळण आलं की त्यांचा डावा हात चादरीवर वळायला लागला. अण्णानं ते पाहिलं. दोन दिवस तो त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत खेळला. तिसऱ्या दिवशी एका चौकात त्यानं ट्रक थांबवला आणि विचारलं, “डावीकडे की उजवीकडे?”

नायनांनी बोट उचललं. डावीकडे. अण्णानं डावीकडे घेतला.

मला इतका आनंद झाला की मी पळत जाऊन अम्माला हाक मारली. ती कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली. टीव्हीकडे पाहिलं, हसणाऱ्या नायनांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग अण्णाला म्हणाली, “आवडतंय त्यांना.”

तेवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पुन्हा तलवारी होत्या. नायनांनी “उं” केलं, हवेत डाव्या हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

“तो होय?” अण्णा म्हणाला. “तो काढून टाकला. आवडला होता का? मग बोलायचं ना तसं.”

नायना त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ हलवले. खरोखर बोलायचा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, लाळ आली. अण्णानं रुमालानं ती अगदी हळुवार पुसली.

“ऐकू येत नाही, नायना,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं.”

पुढच्या रविवारी तो औषधं आणायला गेला तेव्हा मी तो गेम पुन्हा मशीनवर घेतला. तो कसं करतो ते पाहून ठेवलं होतं. ट्रक सुरू झाला तसे नायना उशीवरून मान उचलून बघायला लागले. पण मला ते जमेना. ट्रक भिंतीला धडकला, मागे घेतला तर खांबाला. नायना आधी हातानं दाखवत होते, असा नाही, तसा. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. आमटीतल्या मिठाची नजर. ट्रक तिसऱ्यांदा आपटला तेव्हा त्यांनी डावा हात जोरात फिरवला. तो माझ्या तोंडावर बसला. बोटात अंगठी होती. ओठ फुटला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

अण्णा आला. त्यानं माझा ओठ पाहिला, पडद्यावरचा भिंतीत घुसलेला ट्रक पाहिला, आणि हसला. घरी आल्यापासून मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

“नापास?” तो म्हणाला.

त्यानंतर नायनांनी डोळे मिटून घ्यायला सुरुवात केली. सकाळी मशीन लागलं की डोळे मिटायचे ते जेवणापर्यंत. अण्णानं आवाज वाढवला. स्फोट व्हायचे, घोडे दौडायचे, भांडी हादरायची. “झोपलात का?” तो मधेच विचारायचा. “बघा तरी. मुलगा पास होतोय.” मिटलेल्या पापण्या थरथरायच्या. ते झोपलेले नसायचे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

उन्हाळ्यात, एका सकाळी, मी पेपर तपासत बसले होते. अण्णा खेळत होता. खेळता खेळता त्यानं नायनांकडे पाहिलं, मशीन थांबवलं, उठून त्यांच्या नाकाशी बोटं धरली. मग टीव्ही बंद केला आणि मला म्हणाला, “अम्माला बोलव.”

अम्मा आली, पदर खोचून पायाशी बसली. रडली नाही. अण्णा रडला. हुंदके देऊन, खाटेच्या कडेवर डोकं आपटून रडला, त्याला धरायला शेजारचे दोघे लागले.

दहाव्याला काका आले होते. सगळ्यांसमोर अण्णाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “असा मुलगा मिळायला नशीब लागतं रे.”

“त्यांनीच घडवलं मला,” अण्णा म्हणाला.

पाहुणे गेल्यावर एकदा तो मशीनसमोर बसला. गेम सुरू झाला, माणूस तलवार घेऊन उभा राहिला, पण अण्णानं त्याला हलवलंच नाही. अम्मा शेजारी अंबाडी निवडत होती.

“झाले का सगळे?” तिनं विचारलं.

“कुठले? खूप राहिलेत.”

“मग खेळ की.”

“कुणाला दाखवू?”

अम्मा पानं खुडत राहिली. थोड्या वेळानं त्यानं वायर काढली. पुढे त्याला बंगळुरात नोकरी लागली आणि तो गेला. जाताना अम्माच्या पाया पडला, माझ्या हातावर हात ठेवला. बरं बोलला दोघींशी.

त्या दिवशी आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. अम्मानं भाकरी मोडली आणि बराच वेळ हातातच धरली.

“एकदासुद्धा हात नाही उचलला त्यानं त्यांच्यावर,” ती म्हणाली.

कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. मी तिला आमटी वाढली.