काय म्हणाले डॉक्टर?

आमच्या डॉक्टरांकडे पुढच्या पेशंटला आतल्या बाकावरच बसवतात, त्यामुळे दुसऱ्याचं दुखणं आपसूक कानावर पडतं. काल माझ्या आधी दम्याच्या एक आजी होत्या. औषधाचा पंप कसा घ्यायचा ते डॉक्टर सांगत होते आणि आजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. डॉक्टरांपुढे आपण सगळेच डोलवतो.

डॉक्टर म्हणाले, "आता घरी गेल्यावर सूनबाई विचारतील, काय म्हणाले डॉक्टर? समजा, मीच तुमची सून. दाखवा बरं."

आजींनी पंप पदरावरूनच छातीला लावला आणि दाबला. "दम इथंच लागतो की!"

मला हसू आलं. डॉक्टरांना नाही आलं. "माझंच चुकलं, आजी. नुसतं बोलत बसलो," म्हणत त्यांनी पंप हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. आजींनी तो ओठांत नीट धरून औषध ओढलं, तेव्हाच त्यांना उठू दिलं.

परीक्षाच होती ती, पण किती मायेची! दवाखान्यातून आलेल्याला चपला काढायच्या आत घरचं माणूस विचारतं तोच हा प्रश्न. आमचे हेसुद्धा विचारायचे. "काही नाही, गोळ्या दिल्यात," म्हणून मी स्वयंपाकघरात वळायचे. आता घरी गेले की कुलूप मीच काढते.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सांगून झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हं, काकू, काय म्हणाले डॉक्टर?"

मनातल्या मनात त्यांना हात जोडले आणि सांगायला लागले. यांना कधी सांगितलं नव्हतं, इतकं सविस्तर.