मिठाच्या बांधावरची चाल

आमच्या दिवा गावातल्या चाळीची मालकीण, जिला आम्ही सगळ्या भाडेकरणी मावशी म्हणतो, तिने मला धावायला शिकवलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगता सांगता मी माझंच घोडं दामटीन आणि मावशी राहून जातील, अशी भीती वाटते. तशी मला कशाचीही भीती वाटते. कुलूप लावून निघाले तरी दोनदा मागे येऊन ओढून बघते. मावशींचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय: "माजं नाव सातबाऱ्यावर हाय तेवरं पुरं."

मी मंगळवेढ्याकडची. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याची पाकिटं भरायच्या कामाला आलेले आणि खोली स्वस्त म्हणून दिव्यात राहिलेले. काम कंत्राटी. गेल्या वर्षी गणपतीनंतर मुकादम म्हणाला, दिवाळीनंतर बायका कमी करणार. त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "दिवाळीला येशील ती परत न जायच्या तयारीनंच ये. स्थळ बघून ठेवलंय. पक्की नोकरी लागली तर मात्र मी तोंड उघडणार नाही, देवीशपथ."

पक्की नोकरी एकच डोळ्यासमोर होती. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या टॉवरांना एका खासगी कंपनीकडून बायका रखवालदार हव्या होत्या. आठवी पास चालणार होतं. पण मैदानाच्या दोन फेऱ्या पाच मिनिटांत धावून दाखवायच्या. चाचणी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मी स्टेशनबाहेरून बूट घेतले, जाड टाचेचे, आणि रोज पहाटे खाडीकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यावर धावायला लागले. पाच मिनिटांच्या वर वीस-पंचवीस सेकंद लागत होते. होईल, असं वाटत होतं.

मग नवरात्र बसलं. आमच्या घरात नऊ दिवस बायका पायात काही घालत नाहीत. आई, काकी, आणि बारा वर्षांची झाल्यापासून मी. गावात त्याचं काही वाटायचं नाही. काळी माती, सारवलेलं अंगण, फार तर एखादा बाभळीचा काटा. इथे चाचणी तोंडावर आणि पायात बूट घालायचे नाहीत. मी म्हटलं, गावाकडे काय बूट घालून पळत होते का? आणि घटस्थापनेच्या पहाटे तशीच धावले. बुटात टाकायचे तशाच लांब ढांगा, तशीच टाच पुढे फेकून. काँक्रीट म्हणजे माती नव्हे, हे मला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. माझं मलाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला सुई टोचून ठेवल्यासारखं दुखायला लागलं. माझ्या खोलीत एक सिंधुदुर्गची मुलगी राहते. तिने मोबाइलवर एक गोरा माणूस हिरवळीवर अनवाणी पळताना दाखवला. "बघ गो, टाच टेकवतच नाही तो!" झालं. तिसऱ्या दिवशी मी अख्खा वेळ चवड्यांवर धावले. चौथ्या दिवशी सकाळी पोटऱ्यांचे गोळे असे कडक झाले की जिन्याच्या पायऱ्या मी बसून बसून उतरले. ती वरून ओरडली, "गरबा न खेळताच ही दशा? खेळली असतीस तर स्ट्रेचर आणला असता!"

मला हसू आलं नाही. बूट घातले तर देवीचा नेम मोडतो, आणि नेम मोडला तर चाचणी कशी पार पडणार? बूट घातले नाहीत तर धावता येत नाही, आणि धावलेच नाही तरी तेच. दोन्हीकडून माझी गाडी मंगळवेढ्यालाच जात होती.

नळाला पाणी आलं होतं म्हणून लंगडतच खाली गेले. आमच्याकडे पाणी येईल तेव्हा घ्यायचं, पाय दुखतोय म्हणून ते थांबत नाही. मावशी त्यांच्या ओट्यावर बसलेल्या. त्यांची खोली तळमजल्याला, अगदी रस्त्यालगत.

"सकालची ती धपाधपा तुजीच ना गो?" त्यांनी विचारलं.

"माझीच मावशी."

"मना वाटला, कोन मसाला कांडतंय. धावतंस का दगर फोरतंस?"

नळावरच्या सगळ्या बायका हसल्या. मावशी आगरी, त्यांच्या तोंडी 'ड'चा 'र' होतो आणि ऐकणाऱ्याला आधी हसूच येतं. मला रडू आलं. हंडा तसाच ठेवून मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं, स्थळापासून पोटऱ्यांपर्यंत. मावशींनी माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढायला लागले, एवढ्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय कसा द्यायचा! त्या म्हणाल्या, "गप बस. देवी नाय तू." अंगठ्याने नडगी दाबत दाबत खाली गेल्या. मग म्हणाल्या, "आतलं हार मी नाय बघनार. डाक्टर बघंल."

डोंबिवलीला डॉक्टरकडे त्या स्वतः घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, भोवती सूज आहे. असंच आपटत राहिलात तर तडा जाईल. दोन दिवस धावणं बंद, मग हळूहळू, आणि बूट घाला. मी म्हटलं, "नवरात्र आहे." 

मावशी म्हणाल्या, "बूट घातलंन तरी पाय हिचंच ना? ते कवा शिकतील?"

रिक्षातून परत येताना त्यांनी मला मिठागराचं सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरचे सगळे मिठावर. आधी वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा करायचा. मग मीठ तयार झालं की डोक्यावर पाटी घेऊन ढिगापर्यंत न्यायचं. वाट म्हणजे चिखलाचा बांध, हातभर रुंद. दोन्ही बाजूंना पाणी. आणि चालत जाऊन भागायचं नाही, ओझं मानेवर बसतं. म्हणून बायका पाटी घेऊन धावायच्या, अनवाणी, एकामागून एक. बांधावर टाच आपटली तर पाय सरकतो, ढांग लांब टाकली तर पाटी डुलते, पाटी डुलली की दिवसाची मेहनत पाण्यात.

"मग कसं धावायच्या तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी घरी आल्यावर मोरीतलं रिकामं घमेलं उचललं, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवलं, त्यावर घमेलं, आणि चाळीसमोरच्या मोकळ्या पट्ट्यावर धावल्या. पंधरा-वीस पावलं असतील. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, एरवी उठताना भिंत धरतात. पण ती पंधरा पावलं मी जन्मात विसरणार नाही. कमरेच्या वर काही हलतच नव्हतं. खाली पाय मात्र भराभरा, बारीक बारीक, शिवणयंत्राच्या सुईसारखे. पाऊल पुढे पडतच नव्हतं, बरोबर पोटाखाली पडत होतं. आणि आवाज नाही. एवढं वजनदार शरीर, आणि आवाज मांजरीच्या पावलांचा. माझी खोलीवाली दारात उभी होती, तिनेही मोबाइल खाली केला.

मग मावशी ओट्यावर टेकल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "गुरघं पाटीनं खाल्लं, धावन्यानं नाय. तुज्या डोक्यावर पाटी नाय. तुला कसलं भ्याव?"

दोन दिवस विश्रांती झाली आणि सहाव्या माळेला शिकवणी सुरू झाली. पहिल्यांदा म्हणाल्या, जागच्या जागी उडी मार. मारली. "टाचंवर परलीस का?" नाही, चवड्यावर पडले, गुडघे आपोआप वाकले. "कुनी शिकवलं?" कोणीच नाही. "मंग धावताना टाच पुढं कनाला फेकतंस?" एवढंच. मी आणखी दहा उड्या मारून बघितल्या. दर वेळी पाऊल अंगाखालीच येत होतं. माझ्या पायांना हे आधीपासून माहीत होतं, बुटांच्या जाड टाचेने विसरायला लावलं होतं.

दुसरं शिकवलं ते टाचेचं. टाच आपटायची नाही, पण तिला उपाशीही ठेवायचं नाही. चवडा आधी टेकतो, मागून टाच जमिनीला हळूच लागते आणि लगेच उठते. नुसत्या चवड्यांवर धावले म्हणून पोटऱ्या भरलेल्या. "टाचंला पन जमीन लागते गो, तीबी देवीचीच हाय."

तिसरा प्रकार तांब्याचा. काठोकाठ भरलेला तांब्या हातात घेऊन धावायचं. पाणी सांडलं तर तेवढं माझ्या हंड्यातून कमी. दिव्यात असली धमकी पोकळ नसते. पहिल्या दिवशी अर्धा तांब्या माझ्याच पायावर आला. ढांग लांब गेली की पाणी पुढे उसळायचं, गुडघा ताठ राहिला की वर. मोबाइलमधला माणूस मला काय सांगणार, पाणी सगळं दाखवत होतं. मी पावलं लहान केली, जास्त टाकली, खांदे सोडले. तरी मावशींनी अंतर वाढू दिलं नाही. पहिल्या दिवशी दारापासून नळापर्यंत, चार वेळा, बास. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. मी घायकुतीला आले, दिवस थोडे राहिलेत मावशी, दोन फेऱ्या कधी धावणार? त्या म्हणाल्या, "मीठ घाई केल्यानं पिकतं का? दम तुज्याकरं हाय. पाय येऊंदेत."

त्या ओट्यावर पाठ करून बसायच्या, बघायच्याच नाहीत. आवाजावरून सांगायच्या: डावा आपटतोय, आता थकलीस, आता घाबरलीस. घाबरल्यावर पाऊल जड होतं हे मला तेव्हा कळलं. नडगीतली सुई एकेका दिवसाने बोथट होत गेली. नवमीला खाडीच्या बांधाच्या वळणापर्यंत जाऊन आले तर तांब्यातलं पाणी बोटभरच कमी झालेलं.

दसऱ्याच्या पहाटे मला लवकर जाग आली. काळजीने. म्हटलं, मावशी उठायच्या आत थोडं धावून घ्यावं. खाली आले तर रस्त्यावर खराट्याचा आवाज. मावशी वाकून रस्ता झाडत होत्या. वाकून, त्या गुडघ्यांनी. आमच्या दारापासून बांधाच्या वळणापर्यंत, मी जेवढी धावायचे तेवढाच पट्टा. शेजारी डबा ठेवलेला, त्यात खिळे, काचा, बाटल्यांची झाकणं. डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता, म्हणजे एका दिवसाचा नव्हता.

मी समजत होते की मला पाऊल टाकायला जमतंय, म्हणून माझ्या पायाला काही टोचत नाही.

त्यांनी मला बघितलं आणि उलट मलाच झापलं. "लवकर कनाला आलीस? अजून वलनाचं राह्यलंय." मी खराटा मागितला, दिला नाही. मी डबा धरला. तेवढा धरू दिला.

चाचणीला बूट पिशवीत घेऊन गेले. नेम पुरा झाला होता, घालायला हरकत नव्हती. मैदान मातीचं. मी बूट घातले, दोन पावलं धावून बघितली, आणि टाच लगेच जुन्या सवयीने धाडकन पुढे गेली. काढून टाकले. ओळीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, नवरात्र संपलं!" शिट्टी धरलेल्या साहेबांनी विचारलं, "पायाला लागलं तर आमच्यावर येईल, चालेल का?" मी म्हटलं, "सर, माझ्यावरच येईल." आणि आधी अख्खं मैदान एकदा चालून आले, खडे बघत. ते मावशींकडून शिकलेले. सगळे हसले, तरी चालून आले.

पहिल्या फेरीत मी मागून चौथी-पाचवी होते. पुढच्या मुलींच्या टाचांचा धपधप आवाज येत होता आणि मला सारखं वाटत होतं, आपणही ढांग वाढवावी.  मग ओट्यावर पाठ करून बसलेली बाई आठवली. तिला काय ऐकू जाईल? घाबरलीस, म्हणेल. मी हातात तांब्या आहे असं धरलं आणि पावलं लहान ठेवली. दुसऱ्या फेरीत त्या मुली एकेक करून मागे पडायला लागल्या. मी पहिली आले नाही. सहावी आले. पाच मिनिटांना दहा सेकंद बाकी होते आणि नडगीत काही नव्हतं, काहीच नव्हतं.

नोकरी लागल्यावर आईला फोन केला तेव्हा तिने स्थळाचं नाव काढलं नाही. शपथच घेतलेली. मग म्हणाली, "अनवाणी पळालीस? लोक काय म्हणले?"

आता कामावर काळे बूट असतात, घालावेच लागतात. पण टॉवरच्या जिन्यावर गस्त घालताना माझा आवाज येत नाही. एक आजोबा दचकून म्हणाले, "अगं, घंटा बांध गळ्यात!" सुट्टीच्या दिवशी मी अजून त्या पट्ट्यावर अनवाणी धावते. झाडते मीच. मावशी ओट्यावरून सांगतात, त्या कोपऱ्यात काच राहिली.

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलेले. त्यांनी एक खाल्ला, बाकीचे वाटायला लावले. मी विचारलं, तुम्हाला काय देऊ? पहिल्यांदा म्हणाल्या, काय नको. मग पेढ्याचा कागद घडी घालत म्हणाल्या, डोंगरावरच्या देवीला शेवटच्या गेल्या तेव्हा गुडघ्यांमुळे पायऱ्यांच्या पायथ्याशीच बसून राहिल्या. घरचे सगळे वर जाऊन आले. खालूनच हात जोडले. "तिना बघितलं असंल का नाय, काय म्हाईत."

मावशी, तुम्ही हे वाचणार नाही, तुमची नात वाचून दाखवेल तेव्हा ऐका. मी रोज टॉवरचे मजले चढते-उतरते, ते नुसतं कामासाठी नाही. एक दिवस मी तुम्हाला पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढणार आहे. बारीक पावलांनी, कुठेही न आपटता, तुमच्या हातातला तांब्यासुद्धा सांडणार नाही अशी. आदल्या दिवशी जाऊन पायऱ्या झाडून येईन. तेवढे दिवस गुडघ्यांना तेल लावत राहा आणि थांबा.