शेवटच्या घरातला ओव्हन

मांडवीच्या त्या गल्लीत विजेच्या तारेवरचं शेवटचं घर शमीमचं. नवऱ्याने कुवेतहून आणलेला ओव्हन दोन वर्षं चादरीखाली पडून होता. २००६ च्या उन्हाळ्यात तिने तो उघडला नि केक करायला घेतले. समुद्रावरच्या एका हॉटेलाची ऑर्डर मिळाली, पण पहिलाच केक मधोमध बसला.

हॉटेलचा मालक म्हणाला, "उद्या संध्याकाळी साडेसातला आणखी एक आणा. तोही असाच असेल तर राहू दे."

भारनियमनात दुपारी गेलेली लाईट पाचला यायची. पाच वाजले की गल्लीतले विहिरींवरचे पंप एकदम सुरू, आणि शमीमचा बल्ब उदबत्तीच्या टोकासारखा लाल.

दुसऱ्या दिवशी चारलाच तिने समोरच्या पद्मजाताईंना गाठलं. शाळेतल्या बाई, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या.

"ताई, तासभर पंप बंद ठेवा. तुमच्यामुळे माझा केक बसतो."

"आमच्यामुळे? काल आमचा पंप नुसता गुरगुरत होता, तो कोणामुळे?"

शेजारचे श्रीपतीकाका निवृत्त वायरमन. बोलणं ऐकून ते शमीमच्या स्वयंपाकघरात गेले, चष्मा लावून ओव्हनच्या पाठीवरची पट्टी वाचली.

"दोन हजार वॅट गो! तुझ्या एकटीचा लोड म्हणजे यांचे चार पंप. तार तेवढीच, तिने किती जणांना पुरावं?"

शमीमचा चेहरा उतरला. कालपासून ती गल्लीच्या नावाने बोटं मोडत होती. थोड्या वेळाने ती परत समोर गेली.

"ताई, माझा पंप मी लावतच नाही, रहाटाने ओढीन. सहाला ओव्हन बंद. मग तुम्ही सगळे दोन-दोन करून पंप लावा."

"आणि केक कच्चा असला तर?"

"तरी बंद."

पद्मजाताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मी सांगते सगळ्यांना. पण सहापर्यंत चहाचं पाणी तू ओढून द्यायचंस."

पाचला लाईट आली. एकही पंप वाजला नाही. बल्ब पांढरा राहिला. सहाला शमीमने केकमध्ये सुरी खुपसली. टोकाला ओलं पीठ लागलं. तिने क्षणभर घड्याळाकडे पाहिलं, बटण बंद केलं, ओव्हनचं दार घट्ट लावलं नि खिडकीतून ओरडली, "ताई, लावा पंप!"

वीस मिनिटांनी आतल्या उबेवर झालेला केक तिने बाहेर काढला. एका कडेला जरा करपलेला, पण मधे ताठ.

चहाच्या पाण्यासाठी दिलेली शमीमची कळशी भरून परत करायला आलेल्या पद्मजाताईंनी तो वाकून पाहिला.

"कड कापून मला दे. आणि उद्या सहाच ना?"