पाटीवरची अक्षरं आणि विहीणबाईंचा थर्मास

ये गं, जवळ सरक जरा. आणि तो मोबाइल ठेव बाजूला, किती वेळा सांगायचं? नर्सिंगला गेलीस नि तुझं बोलणंच आखूड झालं बघ. मघाशी मैत्रिणीशी काय ते एफ.एच.एस., काय ते एन.बी.एम.! तुला सोपं आहे बाई. पण त्या अक्षरांसमोर बाकड्यावर जी बसते तिचा जीव कसा होतो, ते ह्या मावशीकडून ऐक.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, आमच्या कामोठ्यात. दुपारी कळा सुरू झाल्या, जवळच्याच प्रसूतिगृहात नेलं. जावई महाप्याहून निघाले होते, पण रस्त्यात अडकलेले. विहीणबाई मात्र कळल्या कळल्या तुर्भ्याहून हजर. हातात थर्मास, त्यात गरम दूध नि साजूक तूप. त्यांच्या साताऱ्याकडच्या गावात कळा लागल्या की पाजतात. म्हणे, वाट मोकळी होते.

खाटेच्या उशाला पांढरी पाटी. सिस्टर यायची, लेकीच्या पोटावर यंत्र टेकवायची, एफ.एच.एस. पुढं आकडा लिहून निघून जायची. इंग्रजी अक्षरं मी दुकानांच्या नि बसच्या पाट्यांवरून शिकले, वाचता येतात. पण ह्यांचा काही शब्द होईना. शेवटी सिस्टरला विचारलंच.

"बाळाचे ठोके, मावशी."

झालं! मग डोळे त्या आकड्यालाच चिकटले. तो उतरला की मी देवाचं नाव घ्यायची.

असाच एकदा फार उतरला. सिस्टरनं लाल पेनानं खाली एन.बी.एम. लिहिलं, जाड रेघ मारली, माझ्या हातात औषधांची चिठ्ठी दिली नि डॉक्टरांना बोलवायला धावली. औषधं घेऊन वर येते तर काय, लेकीच्या ओठावर तुपाची चकाकी! विहीणबाई थर्मासचं झाकण लावतायत.

"पाजलंत?"

"मग काय उपाशी ठिवू? तोंड सुकलं होतं पोरीचं. तुमाला शहरातल्या लोकांना सगळ्याचीच भीती."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "ठोके उतरतायत, सिझर करावं लागेल. हिला काही दिलं नाही ना? एन.बी.एम. लिहिलंय, म्हणजे तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा नाही. भुलीत उलटी झाली नि छातीत गेली तर जिवावर बेततं."

लेक माझ्याकडं बघते, मी विहीणबाईंकडं. तिच्या सासूला मी चारचौघांत उघडं पाडायचं? लेकीला त्याच घरात नांदायचंय. आणि गप्प बसावं तर लेकच जायची हातातून. बोलणारच होते, तोच विहीणबाई पुढं झाल्या.

"मी दिलं. अर्धा पेला. तूप घालून."

एवढासा आवाज. पदराचं टोक मुठीत.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता त्याप्रमाणं औषध देऊन, कमरेतून भूल देऊ, म्हणजे ती जागी राहील." आणि नेलं लेकीला आत.

आम्ही दोघी बाहेर. विहीणबाईंनी थर्मास पोटाशी धरलेला.

"तुमच्या लेकीला काय झालं तर मी..."

"गप बसा हो," म्हटलं नि त्यांचा हात धरला. बर्फ नुसता. माझा तरी कुठं ऊन होता!

आतून बाळाचं रडणं आलं. तरी उठलो नाही गं आम्ही. लेकीचं कळायचं होतं ना अजून. सिस्टरनं दार उघडून सांगितलं, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत," तेव्हा विहीणबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी पेज घेऊन आल्या. पाटी स्वच्छ पुसलेली समोर दिसत होती. तरी दारातच थांबल्या. "सिस्टर, देऊ का आता? बघून सांगा."

म्हणून सांगते, तू लिही तुझी अक्षरं. घाई असते, कळतं मला. पण लिहून झालं की मागं वळ नि बाकड्यावरच्या बाईला त्याचा अर्थ सांगून जा. आणि आता सुट्टी मिळाली की कामोठ्याला ये बरं लवकर. लेक नि नात माझ्याकडंच आहेत, रविवारी विहीणबाईपण असतात. त्यांना तुला खूप काही विचारायचंय.