दीड दिवसाचा गुरुवार

थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला टर्की भाजून खायचा सण, गुरुवारी येतं हे मला बावीस वर्षं माहीत आहे. माझी आई गुरुवारी मटण, मासे, अंडी खात नाही हेही जवळपास तितकीच वर्षं माहीत आहे. पण या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. मी इंजिनिअर आहे, आकडेमोडीवर पोट भरतो. तरीही गेल्या नोव्हेंबरात, बुधवारी दुपारी, टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या स्वयंपाकघरात बारा पाउंडांची टर्की मसाला लावून तयार झाली आणि आई नळाखाली हात धूत म्हणाली, "मी उद्या खाणार नाही हं. गुरुवार आहे," तेव्हा मी हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो.

मसाला तिनेच लावला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण टर्कीची सगळी हौस माझ्या मुलीची होती. ती एकोणीस वर्षांची, ऑस्टिनला शिकते. या वर्षी मी करणार, तुम्ही मध्ये यायचं नाही, असं तिने ऑक्टोबरातच फोनवर बजावलं होतं. तीन आठवडे व्हिडिओ बघितले, सोमवारी घरी आली, पक्षी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळत ठेवला. आजीने तो पाहिला, बोटाने दाबला आणि विचारलं, "हे मीठ-मिरं लावून भाजतात? एवढं थोरलं कोंबडं, आतपर्यंत काय चव जाणार?" त्यानंतर व्हिडिओ बंद झाले. कोल्हापुरातून बॅगेत भरून आणलेली कांदा-लसूण चटणी, दही, आलं-लसूण असं सगळं एकत्र करून आजीने कातडीखाली हात घालून कसं चोळायचं ते नातीला दाखवलं. दोघी दोन दिवस त्या पक्ष्याभोवती होत्या. मुलीने आजीसाठी तंगडी मनात राखून ठेवली होती, कारण आई हाड चघळायला बसली की शेजारच्याला भूक लागते.

आई ऑक्टोबरात आली होती. मधले गुरुवार तसेच निघून गेले, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी आमच्याकडे वरण-भात आणि कसली तरी भाजी असते. शुद्ध शाकाहारी पाहुणा परवडला, तो आधी सांगून येतो. एक दिवसाचा शाकाहारी आयत्या वेळी कळतो.

तिचा हा गुरुवार घरात थट्टेचाच विषय होता. बाबा होते तेव्हा फोनवर म्हणायचे, "तुझ्या आईचा गुरुवार दीड दिवसाचा असतो, गणपतीसारखा. शुक्रवारी सकाळी गरम खिमा आणला तरी बाई दुपारपर्यंत शिवत नाही." मी हसायचो. बाबा आपलं काहीतरी बोलतात, असं मी धरून चालायचो. आईचंही फोनवरचं बोलणं तसंच. इकडे मार्चात घड्याळं तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरात मागे आणतात; त्या दोन्ही वेळी ती विचारणारच, "तुमचं घड्याळ बदललं का रे?" माझी तब्येत, नोकरी, बायको, पोरगी यांच्याही आधी घड्याळ. मी कंटाळून सांगायचो.

तर बुधवारी आई असं म्हणाली आणि मुलीने फडकं उचललं. ती तिच्या आईवर गेली आहे, वाईट वाटलं की साफसफाई काढते. तिने ओटा एकदा पुसला, मग पुन्हा पुसला, मग कोरडा ओटा पुसला. शेवटी म्हणाली, "इट्स ओके, आजी. यू कॅन ईट इट ऑन फ्रायडे."

"खाईन की. मुरलेलं आणखी चांगलं लागतं."

पण शुक्रवारी मुलगी नसणार होती. ती ऑस्टिनला एका दुकानात पार्ट-टाइम काम करते, शुक्रवारी सेल, दहाला हजर व्हायचं, म्हणजे सहाला घर सोडायचं. आणि पुढच्या बुधवारी आईचं विमान होतं. गुडघे इतके गेलेत की विमानतळावर व्हीलचेअरमधून उतरतानाच तिने सांगून टाकलं होतं, "आता हे शेवटचं बाबा." म्हणजे आजी आपल्या हातचं खाताना बघायचं असेल तर मुलीला तो एकच गुरुवार होता. हे तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. आईला कळलं होतं की नाही, ते मला कळेना.

अशा वेळी गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी फोन काढला आणि गणित मांडलं. आपला वार बारा वाजता बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. कोल्हापुरात आत्ता सूर्य पावणेसातला उगवतो. तिथले पावणेसात म्हणजे आमचे आदल्या संध्याकाळचे सव्वासात. तेव्हा गुरुवारी सव्वासातनंतर जेवायला बसलो तर आईचा शुक्रवार लागलेला असेल, आणि आमचं थँक्सगिव्हिंग अजून चालू असेल. दोन्ही डगरींवर हात.

बायको नुकतीच हॉस्पिटलच्या फार्मसीतून ड्यूटी संपवून आली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

आईला मी फोनवरचा सूर्योदय दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला. "गणित बरोबरच असेल तुझं," ती म्हणाली. "पण मला काहीतरी वेगळं करा. सगळे जेवताना मी नुसती बसून नाही राहणार." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. वर जाऊन मुलीला सांगून आलो, "आजी खाणार. फक्त जेवण साडेसातला." तिने मला मिठी मारली. हे सगळं मी आईला न विचारता केलं.

वेगळं काहीतरी म्हणजे काय, यावर बराच खल झाला. आई म्हणे पिठलं-भाकरी चालेल. मुलीला ते पटेना. तिचं म्हणणं, रोस्ट डिनर म्हणजे टेबलाच्या मध्ये काहीतरी अख्खं येतं, सगळ्यांसमोर कापलं जातं, आणि आजीसाठीही तसंच आलं पाहिजे. आमच्या ताटात मधोमध असं काही नसतं, त्यामुळे मला सुचेना. अख्खं आणि मोठं म्हटल्यावर बायको म्हणाली, भोपळा. मी गाडी काढली. दुकानात हॅलोविनचे उरलेसुरले भोपळे दाराशी होते, ते पाणचट असतात. आत भाज्यांत पम्पकिन-पाय भाजण्यासाठीचे लहान गोड भोपळे होते, त्यातला त्यात थोरला उचलला.

मुलगी सुरी घेऊन पुढे झाली तर आईने तिचा हात धरला. "अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो. पहिला घाव बाबाला घालू दे."

"व्हाय?"

"बकऱ्याच्या जागी कोहळा फोडतात ना, तसंच हे. बळीच्या जागी असतो तो."

मुलीने जरा विचार केला. "म्हणजे हा ऑलरेडी फेक मीट आहे?"

"फेक कशाला? देवाला चालतो की."

मी पहिला घाव घातला. सुरी अर्ध्यात अडकली, मग भोपळ्यासकट ओट्यावर आपटली तेव्हा कुठे टोपण निघालं. बिया काढल्या. आत भरल्या वांग्याचा मसाला केला: दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, चटणी, चिंच, गूळ. त्यात छोटे बटाटे आणि छोटी वांगी परतून भरली, टोपण लावलं आणि वरून तेल चोळलं. ओव्हन एकच. खालच्या कप्प्यात टर्की ठेवली की वर भोपळा मावत नव्हता आणि टर्कीच्या खाली भोपळा ठेवणं शक्य नव्हतं, रस ठिबकला असता. म्हणून गुरुवारी दुपारी आधी भोपळा तासभर भाजून काढला, मग टर्की आत गेली, आणि ती बाहेर काढून मुरायला ठेवली तेवढ्या अर्ध्या तासात भोपळा पुन्हा गरम झाला. ओव्हनला आईची हरकत नव्हती. "मी काही सोवळ्यातली बाई नाही. तोंडात जायचं नाही, एवढंच."

ग्रेव्ही टर्कीच्याच रसाची करतात, तो प्रश्नही तिनेच सोडवला. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, आलं-लसूण वाटून पांढरा रस्सा केला, नेहमीसारखाच, फक्त मटणाचं पाणी नाही. तो टर्कीवरही घालता आला आणि भोपळ्यावरही. ती रस्सा चाखत उभी असताना मला वाटलं, झालं, सगळं जमलं.

सव्वासातला मी जाहीर केलं, "कोल्हापुरात सूर्य उगवला." आम्ही चौघं बसलो. टेबलावर एका बाजूला तांबूस टर्की, दुसऱ्या बाजूला एका अंगाने जरा खचलेला भोपळा. मुलीने आधी भोपळा कापला आणि आजीला मोठी फोड वाढली. आईने ती चवीने खाल्ली, रस्सा दोनदा घेतला. मग मुलीने तंगडी कापून तिच्या ताटात ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. आईने ताट बाजूला सारलं नाही आणि तंगडीला हातही लावला नाही.

"घे की आई. शुक्रवार लागला."

"तिकडं लागला."

"मग? तुझा गुरुवार तिकडचाच ना?"

"कोण म्हणालं?"

मी चिडलो. काल तू हो म्हणालीस, पोरगी तीन दिवस राबतेय, एक घास खाल्लास तर कुठला देव रागावणार आहे, असं बरंच बोललो. आवाजही चढला असावा, कारण बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

आई नातीकडे वळली. "हे बघ बाळ. तुझा बाबा पहिल्यांदा अमेरिकेला निघाला ते विमान गुरुवारचं होतं. मी तेव्हा धरलं. हा तिकडं धड राहू दे, मी गुरुवारी खाणार नाही. मग थोड्या दिवसांनी लक्षात आलं, आमच्याकडचा गुरुवार संपतो तेव्हा याचा निम्मा उरलेलाच असतो. त्या निम्म्याचं कुणी बघायचं?"

मुलीने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणून याचा संपेपर्यंत धरते. इथं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आमच्याकडं शुक्रवारचे साडेअकरा. तुमचा उन्हाळा असला की साडेदहा. मग खाते. आता इथं आलेय तर उलट सोपं झालं, दोघांचा एकदमच संपतो. अजून साडेचार तास आहेत."

"एव्हरी वीक, आजी? सगळी वर्षं?"

"दर गुरुवारी असतो की गुरुवार."

मला बाबांचा दीड दिवसाचा गणपती आठवला. दर मार्चात आणि नोव्हेंबरात विचारलेलं घड्याळ आठवलं. न्यू जर्सीहून टेक्सासला नोकरी लागली तेव्हा मी आनंदाने फोन केला होता, आणि आईने पगार न विचारता, घर न विचारता आधी विचारलं होतं, "तिथं किती वाजतात?" मी तेव्हा बायकोकडे बघून डोळे फिरवले होते. मला लाज वाटली. ती लाज अजून गेलेली नाही. मी बावीस वर्षं धड राहिलो ते माझ्या हुशारीने, अशी माझी समजूत होती. ती आजही थोडीफार आहे, पण आता ती मोठ्याने बोलायची माझी छाती नाही.

मुलीने आजीच्या ताटातली तंगडी उचलली, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली आणि मार्करने त्यावर लिहिलं, आजी, फ्रायडे. मग स्वतःसाठी भोपळ्याची आणखी एक फोड घेतली. "माझा लंच ब्रेक एकला असतो," ती म्हणाली. "मी व्हिडिओ कॉल करेन. तोपर्यंत खायचं नाही."

शुक्रवारी एकला तिचा कॉल आला. ती कुठल्याशा खोक्यांच्या ढिगावर बसली होती. आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवला, तंगडी दोन्ही हातांनी धरली आणि हाड स्वच्छ होईपर्यंत नातीशी एक शब्द बोलली नाही. मग आई म्हणाली, "आतपर्यंत मुरलंय. पुढच्या वेळी मीठ जरा सढळ घाल." मुलीने मान डोलावली आणि ब्रेक संपला म्हणून फोन ठेवला.

विमानतळावर सोडताना मी आईला म्हटलं, आता बस कर, बावीस वर्षं झाली. ती म्हणाली, "तू धड आहेस ना? मग?"

मार्चात घड्याळं एक तास पुढे गेली, त्या रविवारी मीच कोल्हापूरला फोन लावला. तब्येत, गुडघे, सगळं नंतर. आधी सांगितलं, "आई, घड्याळ बदललं. आता साडेदहा."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "तासभर आधी सुटेन."