लस टोचलेला हात

सक्करदऱ्याच्या लसीकरण केंद्रात मी बायकोच्या सूचनांनुसार गेलो होतो. पोटभर पोहे खाल्ले होते, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. धैर्य तेवढं घरी राहिलं. लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं होतं, तर मी टोचलेला हात काचसामान असल्यासारखा मांडीवर ठेवून बसलो.

शेजारी नऊवारीतली एक म्हातारी होती. ती सारखी आपला टोचलेलाच हात उंच करून खिडकीकडे हलवत होती. बाहेर लिंबाखाली तिचा म्हातारा उभा होता.

“लसीनं हात लुळा पडते म्हणते थो,” ती म्हणाली. “जनम हातमागावर गेला ना त्याचा. म्हणून म्या पयले घेतली. म्हटलं, पाहून घे गा!”

“मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“अजून वाटून राहिली. पण थे काहून त्याले दाखवू?”

आणि पुन्हा हात वर.

शेवटी म्हातारा बाही सरकवत दारात आला. “बस कर वं, लोक पाहून राहिले!” असं करवादून तो लस घ्यायला आत गेला.

दार लागताच तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून हळूच खाली घेतला. डोळ्यांत पाणी होतं.

“भाऊ, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देता काय? हात उचलूनच नाही राहिला आता.”

का कोण जाणे, मी आधी उठून उभा राहिलो आणि मग बाटली उघडली.