अर्धा आटा

मी मुळातच भित्रा माणूस. भोंगा चुकेल म्हणून भितो, मागून साहेबांच्या बुटांचा आवाज आला की भितो, बायकोच्या माहेरची माणसं दारात दिसली तर त्यांनाही भितो. आमच्या काळेवाडीच्या दोन खोल्यांत पाल निघाली तर तिला हाकलायचं काम बायकोचं. एका गोष्टीला मात्र मी कधी भ्यालो नाही, ती म्हणजे स्कूटरचं इंजिन. आकुर्डीच्या बाजूला एका कारखान्यात मी फिटर होतो. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं आणि मूठ सोडल्यावरही ते हळू आवाजात चालू राहील असं बघायचं, हे माझं काम. त्यासाठी कार्बोरेटरवर एक छोटा स्क्रू असतो. तो अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आत फिरवला की इंजिन जरा जोरात चालतं आणि मग बंद पडत नाही. एका पाळीत हा अर्धा आटा मी इतक्या वेळा फिरवायचो की घरी जेवतानासुद्धा मनगट आपोआप वळायचं.

शहात्तर-सत्त्याहत्तरचा सुमार असेल. भोसरीच्या पुढे चाकण रस्त्याला शेतं विकली जात होती आणि त्यांना तारेची कुंपणं पडत होती. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चाकणजवळच्या गावचा. त्यानं प्लॉटवरची झाडं तोडून जागा मोकळी करून द्यायची कामं धरली होती. एका बंद पडलेल्या गोदामाच्या लिलावात त्याला पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत मिळाली होती. परदेशी, पण छोटी. पातं जेमतेम हातभर. मुठीतला खटका दाबला की साखळी पात्याभोवती गरगर फिरायची, सोडला की थांबायची. बाभळी-बोरी ती झकास कापायची. गावातले लोक ती बघायला यायचे आणि मेहुणा नवरदेवासारखा मिरवायचा.

मग त्याला मोशीच्या पुढचा एक प्लॉट मिळाला. त्यावर चिंचेची चार जुनी झाडं होती. बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे. आमची छोटी करवत त्यात वीतभर शिरायची आणि गुदमरून बंद पडायची. ठेकेदारानं सांगितलं, आठवड्यात झाडं हलली नाहीत तर मोठी करवत असलेला दुसरा माणूस आणतो.

मेहुणा मला घेऊन पुण्यात एका दुकानात मोठी करवत बघायला गेला. म्हाताऱ्या दुकानदारानं ती टेबलावर ठेवली तेव्हा टेबल करकरलं. हाताच्या पुढे आडवी पट्टी, जाड साखळी, पातं लांबलचक. किंमत ऐकून मेहुण्यानं करवत परत टेबलावर इतक्या हळू ठेवली की जणू फुटेल. बाहेर पडता पडता त्यानं विचारलं, छोटीचाच जोर वाढवला तर? दुकानदार म्हणाला, "वाढेल की. पण बाकीची करवत तेवढीच राहील ना. मोठी ही सगळीच मोठी असते." मला ते तिथल्या तिथे पटलं होतं. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो.

परतताना एसटीत मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमी इंजिनाचं मानूस. तुमास्नी काय अवघड हाय? हिलाच वाढवा."

मी नाही म्हणायला हवं होतं. महिनाभर भाड्यानं आण, भागीदार घे, काहीही सांगायला हवं होतं. पण सासरच्या माणसांत मी इतकी वर्षं 'आमचे दाजी जरा नाजूक हाईत' होतो. पहिल्यांदाच कोणीतरी मला कशात तरी वाघ समजत होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "बघू की."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. अंगणात पोतं अंथरून मी करवत खोलली. धूर जायची वाट कानशीनं रुंद केली, पेट्रोल जास्त जाईल असं केलं, मेहुण्यानं कुठून तरी आणलेलं लांब पातं चढवलं. सुरू करायची दोरी ओढली तेव्हा तिनं असा आवाज काढला की शेजारचा म्हातारा घरात पळाला. मेहुणा उड्या मारायला लागला. पण खटका सोडला की इंजिन बंद पडायचं. पुन्हा दोरी, पुन्हा बंद. त्यावर मी रोज करतो तेच केलं. स्क्रू अर्धा आटा आत फिरवला. इंजिन बंद पडायचं थांबलं. खटका सोडला, साखळीही थांबली. सगळं ठीक दिसत होतं.

बायको ओट्यावर उभी होती. मेहुणा पाणी प्यायला आत गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "धोका नाही ना काही? एकच भाऊ आहे मला."

"अगं, मी केलंय ते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मेहुणा सकाळीच करवत घेऊन चिंचा पाडायला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे होतो. आमच्यातला एकजण थेरगावहून मोपेडवर यायचा. तो डबा घ्यायला घरी जाऊन परत आला आणि मोपेड चालूच ठेवून उतरला. मूठ सोडलेली होती. तरी मोपेड आपली आपण पुढे निघाली आणि पानवाल्याच्या टपरीवर जाऊन आदळली. सगळे खो खो हसले. तो कपडे झटकत म्हणाला, "हिची रेस मीच वाढवलीय राव. थंडीत बंद पडायची म्हणून. सकाळी गुणानं राहते, तापली की पळायला लागते. हिला गिअर नाही ना स्कूटरसारखा!"

मीही हसत होतो. हसता हसता मला करवतीचा तो स्क्रू आठवला.

स्कूटर न्यूट्रलला असली की इंजिन कितीही जोरात चालू दे, चाक जागचं हलत नाही. मला तेवढंच माहीत होतं. मोपेडला न्यूट्रल नसतं. इंजिनाचा वेग वाढला की आतला क्लच आपला आपण पकडतो आणि चाक फिरायला लागतं. करवतीचंही तसंच. मी अंगणात थंड इंजिनावर स्क्रू बसवला होता. तासभर चिंच कापल्यावर ते तापणार, त्याचा वेग वाढणार, आणि मेहुण्यानं खटका सोडला तरी साखळी फिरत राहणार. त्याची सवय मला ठाऊक होती. एक काप झाला की तो खटका सोडायचा, करवत पायाशी टेकवायचा आणि कपाळ पुसायचा.

पोटात मुरडा आलाय असं सांगून मी गेटपास घेतला. फाटकापासून एका टेम्पोत नाशिक फाट्यापर्यंत गेलो, पुढे चाकणच्या एसटीत शिरलो. एसटी भोसरीत थांबली, कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारत बसला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी जागेवर बसून राहिलो. मनात सारखा हिशोब चालला होता की तो किती वाजता कामाला लागला असेल, पेट्रोल संपलं असेल का, दोरी तुटली असेल का. देवाला म्हणत होतो, करवत बिघडू दे. माझं काम फसलेलं निघू दे, सासरी सगळे हसू देत.

प्लॉटपाशी उतरलो तेव्हा करवतीचा आवाज येत होता. एकसारखा, हळू. मी जीव टाकून पळालो. तीन चिंचा आडव्या पडल्या होत्या. चौथीच्या बुंध्याजवळ करवत एकटीच होती. कुणाचाही हात तिच्यावर नव्हता. ती बुंध्याच्या सालीवर कलंडून पडली होती आणि तिची साखळी आपली आपण फिरत होती. खालचा भुसा लाल झाला होता.

लांब बाभळीखाली मजुरांचा घोळका दिसत होता. त्यातून मेहुण्याचं कण्हणं ऐकू येत होतं. करवतीजवळ जायची एकाचीही छाती झाली नव्हती.

त्या वेळी मी काय केलं ते कुणी पाहिलं नाही. मेहुण्याकडे धावत जाण्याआधी मी करवतीपाशी बसलो. खिशात स्क्रूड्रायव्हर होता. मी तो स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. साखळी थांबली. मग इंजिन बंद केलं; नुसतं तेवढंच केलं असतं तरी भागलं असतं. आधी ते केलं आणि मग त्याच्याकडे गेलो.

डाव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली होती. चप्पल तर मधोमध चिरलेली. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मला बघून म्हणाला, "दाजी, तुमास्नी कुनी सांगितलं?" मजुरांनी त्याला टेम्पोत घातलं. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. चाकणच्या डॉक्टरपर्यंत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता. "बोट सोडलं व्हतं मी. का न्हाई सोडलं? सोडलं असंलच न्हाई. सोडलं असतं तर थांबली असती की."

मी म्हणालो, "बोलू नकोस. दम खा."

चार दिवसांनी त्याला आमच्याकडे काळेवाडीला आणलं. एसटीत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. बायकोसमोर सांगायचं, त्याच्यासमोर सांगायचं, चहाच्या आधीच सांगून टाकायचं. मरणाची भीती काय असेल ती असो, त्या दारात पाय ठेवताना मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

बायकोनं भावाच्या पायाचं फडकं पाहिलं आणि ती रडली. मग रडणं पुसून ती त्याच्यावर भडकली. "यांनी सुट्टीचा दिवस घालवून तुला यंत्र करून दिलं. तुला नीट धरताही येऊ नये? खटक्यावरचं बोट काढायचं एवढंही कळू नये?"

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते.

मेहुण्यानं मान खाली घातली. "व्हय आक्का. माझंच चुकलं. आमच्यासारख्याच्या हातात असली वस्तू द्यायलाच नगं." मग त्यानं माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोडले. "दाजी, एवढी मेहनत घेतली तुमी आन् मी वाया घालवली. माफ करा मला."

"असू दे," मी म्हणालो.